बेळगावचा सांधा

देवाने मुंबईत सबुरी वाटली तेव्हा ती सगळीच्या सगळी माझ्या थोरल्या साडूंच्या पदरात पडली आणि आम्ही बाकीचे लालबागकर कोरडेच राहिलो, असं माझं पक्कं मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातंच असं आहे की त्यात मोकळेपणाने प्रेम करता येत नाही. दोन जावई म्हणजे एकाच सासऱ्याने केलेल्या दोन खरेद्या, आणि त्यातली कुठली टिकाऊ निघाली याचा हिशेब सासुरवाडीला जन्मभर चालू असतो. आमच्या बाबतीत तो निकाल माझ्या लग्नाच्या मांडवातच लागला होता. आमचे सासरे बेळगावला शाळेत शिक्षक होते. थोरल्या जावयांना ते 'जावईबापू' म्हणत. मी परळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो हे कळल्यावर मला मात्र ते 'मास्तर' म्हणायला लागले. एका शिक्षकाने दुसऱ्याला मास्तर म्हणण्यात आपुलकी असेलही, पण दिवाळीला बेळगावच्या माजघरात "जावईबापूंना गरम पाणी काढा, आणि मास्तरांनाही द्या" असा पुकारा झाला की मी फराळाला नव्हे, शिकवणीला आलोय असं मला वाटायचं. 'मास्तरांनाही'मधला तो 'ही' मला फार लागायचा.

बरं, या माणसाचा राग यावा तर तशीही सोय नव्हती. लालबागच्या चाळीत मला खोली मिळाली ती त्यांच्या शब्दामुळे. ते तिसऱ्या माळ्यावर, आम्ही दुसऱ्या. म्हणजे डोक्यावर साडू हे माझ्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. ते गिरणीच्या ऑफिसात कारकून होते, मला पगार त्यांच्यापेक्षा बरा होता, पदवी माझ्याकडे होती, चाळीच्या कमिटीचा चिटणीसही मीच होतो. पण जिन्यात बायका थांबून विचारायच्या त्यांना. स्टोव्हचा पिन कुठे मिळेल, पाळण्याचा हूक कुणी ठोकून देईल, सुनेचं नाव काय ठेवावं, सगळं त्यांना. आणि आमची ही, जिला माझ्या कुठल्याही मताला "बघू" एवढंच म्हणता येतं, ती त्यांच्याबद्दल बोलताना म्हणायची, "भावोजींना कशाकशाची हौस आहे बघा. तुम्हाला कशाची आहे का?" मी विचार करून बघितला. मला खरंच कशाची हौस नव्हती. त्यांच्या सगळ्या गोष्टींत मला हेवा वाटला तो या एका गोष्टीचा, आणि तो काही केल्या जाईना.

त्यांना हौस होती ती घरात वेल्डिंगचं मशीन असावं अशी. सुरुवात एका उलथन्याने झाली. अक्काचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं, लोखंडी उलथनं दांड्यापाशी मोडलं. दुसऱ्या कुणीही ते टाकून नवं आणलं असतं. साडू ते दोन तुकडे रुमालात गुंडाळून चिंचपोकळी स्टेशनाजवळच्या एका कारखान्यात गेले, तिथे कारागिराने काळी काच डोळ्यांपुढे धरून एक निळी ठिणगी पाडली आणि दोनाचा एक करून त्यांच्या हातात दिला. साडू परत आले ते मंतरल्यासारखे. मला म्हणाले, "मास्तर, तुटलेलं टाकायचं नाही, असं एक यंत्र जगात आहे आणि आपण कारकुनी करत बसलोय." त्या दिवसापासून चाळीतली प्रत्येक मोडकी वस्तू त्यांना आपली वाटू लागली. बादलीची कडी, खाटेचा पाय, खिडकीचा गज, आकाशकंदिलाचा सांगाडा. घरात मशीन आलं की काय काय करायचं हे त्यांच्या डोक्यात तयार होतं. नव्हतं फक्त मशीन.

आता मशीन घ्यायचं म्हणजे बाजारात जाऊन घ्यायचं, असं तुम्हाला मला वाटेल. साडूंनी ते मुलगी बघावी तसं बघायला सुरुवात केली. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट, काळी टोपी, सोबत चाळीतला एखादा वडीलधारा आणि शिकलेला माणूस म्हणून मी. आम्ही तिघे माटुंग्यापासून भायखळ्यापर्यंत जिथे म्हणून वेल्डिंगचं मशीन असेल तिथे जाऊन बसत असू. साडू आधी घरची चौकशी करत. मशीन मूळचं कुठलं, किती वर्षं या घरात आहे, तब्येतीची काही तक्रार. मग ते चालवून दाखवायला सांगत. चहा येई, तो घेत. आणि उठताना काही झालं तरी तोंडावर नकार देत नसत. "छान आहे. घरी विचारतो आणि कळवतो," असं म्हणून नमस्कार करत. वाटेत मग खरं कारण कळे. एक तेल घातलेलं मशीन त्यांना पसंत पडलं नाही कारण ते अंगाने फार जड होतं. एक गुणगुणतं म्हणून गेलं. घरात सारखं कुणी गुणगुणलेलं अक्काला चालणार नाही. गॅसवरचं एक स्थळ स्वस्तात होतं, पण कार्बाईडचा वास आणि एकूण स्वभाव तापट. बिचारे कारखानदार निरोपाची वाट बघत राहत. त्यातल्या एकाने मला भर रस्त्यात गाठून विचारलं होतं की तुमच्या पाहुण्यांनी काही कळवलं नाही, आमच्यात काही कमी दिसलं का. मी मान खाली घालून निघून गेलो. आणि चालताना मनात हेच की माझं लग्न ठरताना मलासुद्धा इतक्या बारकाईने कुणी बघितलं नव्हतं.

याहून कहर त्या उलथन्याचा. प्रत्येक मशीनची परीक्षा एकाच कामावर घेतली पाहिजे, नाहीतर तुलना न्यायाची होत नाही, असं साडूंचं म्हणणं. म्हणून ते दर ठिकाणी उलथनं जोडून घेत आणि घरी आल्यावर पुढच्या रविवारसाठी उंबऱ्यात अडकवून पुन्हा मोडत. अक्का हे सगळं बघत बसे. गिरणगावात इतक्या हातांनी जोडलेलं दुसरं उलथनं नसेल. आणि या सगळ्या काळात अक्काच्या घरी भाकरी, घावन, थालीपीठ जे काही उलटलं गेलं ते आमच्या उलथन्याने. ती वरून हाक मारायची, ही ते गॅलरीतून वर द्यायची, आणि मी खाली अर्ध्या करपलेल्या थालीपिठाकडे बघत बसायचो. मी एकदा हिला म्हटलं की आपल्या घरातली वस्तू आपल्याला वेळेवर मिळावी. ती म्हणाली, "भावोजी एवढं मोठं काम करतायत आणि तुम्ही उलथन्याचं काय घेऊन बसलाय." मोठं काम म्हणजे न घेतलेलं मशीन. पुढे एका ठिकाणी काचेशिवाय ठिणगीकडे बघत राहिल्यामुळे साडूंचे डोळे सुजले, तेव्हा ही स्वतः गुलाबपाण्याची बाटली आणि बटाट्याच्या चकत्या घेऊन तिसरा माळा चढली. माझे डोळे आले होते तेव्हा मला सांगितलं होतं की चोळू नका आणि उशीला हात लावू नका.

ते दिवस साऱ्या गिरणगावानेच पेट घेतल्याचे होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी सभा, प्रभातफेऱ्या, हरताळ. कधी संचारबंदी, कधी गोळीबाराची बातमी आणि मग चाळीत चुली न पेटणारी संध्याकाळ. ओळखीतलं कुणी ना कुणी तुरुंगात जाऊन आलेलं असायचं. आमच्या बायकांचं माहेर बेळगावचं, त्यामुळे तिथली पत्रं आली की दोन्ही बहिणी जिन्यातच वाचत बसायच्या. आमचे सासरे तिकडे मोर्च्यात पुढे असायचे. मी तावातावाने भाषणं करायचो. साडू प्रत्येक मोर्च्याला यायचे, पण घोषणासुद्धा सावकाश द्यायचे. आमची "झालाच पाहिजे" देऊन व्हायची आणि मग मागून त्यांची एकट्याची शांतपणे यायची. हरताळाच्या दिवशी सगळी दुकानं बंद, त्यामुळे परतताना त्यांना प्रत्येक दुकानाच्या लोखंडी जाळीवरचे सांधे निवांत बघायला मिळत. मी घसा बसलेला, तापलेला, आणि हे एका बंद दारावरून बोट फिरवत म्हणत, "मास्तर, हे बघा, किती घाईत केलंय." देश पेटलेला असताना ज्याचं मन असं जागेवर राहतं त्या माणसाचा मत्सर वाटू नये तर काय वाटावं.

शेवटी मशीन मिळालं ते दारूखान्यात, जिथे जुन्या बोटी मोडतात. भंगाराच्या ढिगात गंज चढलेली, चाकांवरची एक लोखंडी पेटी उभी होती. कुठल्या तरी बोटीवर तिने आयुष्य काढलं होतं. साडू तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी घरची चौकशी केली नाही, चहा घेतला नाही, उलथनं खिशातून काढलं नाही. पेटीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "हेच." मला तर ती त्या ढिगातली सगळ्यात कुरूप वस्तू वाटली. हातगाडीवर घालून आम्ही ती लालबागला आणली तेव्हा अक्काने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आमच्या हिने पुढे होऊन तिला कुंकू लावलं. मी मागल्या वर्षी रेडिओ आणला होता. त्याला कुणी ओवाळलं नव्हतं.

पण घरगुती मशीन घरात चालेना. तिसऱ्या माळ्यावर त्याला विजेचा जोड दिला आणि सबंध चाळीचे दिवे गेले. मला, खोटं कशाला बोलू, त्या अंधारात फार बरं वाटलं. वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल, निदान खचेल. साडू मेणबत्ती घेऊन खाली उतरले आणि चाळीच्या तळाशी असलेल्या पिठाच्या चक्कीवाल्याशी बोलायला गेले. चक्कीला मोठं कनेक्शन होतं. चक्कीवाले शेठ कच्छी. त्या दिवसांत भाषेवरून माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली होती, आणि मी चिटणीस म्हणून त्यांच्याशी जरा जपूनच बोलत असे. साडूंच्या पाठीवर त्यांनी पिठाने पांढऱ्या झालेल्या हाताने थाप मारली आणि म्हणाले, "जोडो ना भाई. चक्की बंद होगी तब जोडो. लेकिन बाहर, आटा उडता है." अशा रीतीने आमच्या साडूंच्या घरगुती मशीनचं घर चक्की झालं. चक्कीच्या सुट्टीला लांब वायर गल्लीत यायची आणि साडू काळी काच घेऊन बसायचे. ठिणगी पडली की चाळीतले दिवे क्षणभर मंद व्हायचे, आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका वर न बघता म्हणायच्या, बसले वाटतं. पहिलं जोडलं ते उलथनं. ते मात्र त्यांनी पुन्हा मोडलं नाही.

मग कमिटीने ठरवलं की चाळीतर्फे सभेला लोखंडी सळयांचा महाराष्ट्राचा नकाशा न्यायचा, पुरुषभर उंचीचा, हातगाडीवर उभा करून. नकाशा म्हटल्यावर मी पुढे झालो. हा तरी माझा विषय होता. मी गल्लीतल्या फरशीवर खडूने नकाशा काढला, शाळेच्या नव्या नकाशावरून, अगदी मापात. साडूंनी त्या रेघेवर सळया वाकवून ठेवल्या आणि एकेक सांधा बसवत गेले. बघणाऱ्यांची गर्दी खडूच्या रेघेभोवती नव्हे, ठिणगीभोवती. काम संपून नकाशा भिंतीला टेकवून उभा केला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तेवढ्यात दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीतून आमच्या हिचा आवाज आला.

"अहो, बेळगाव कुठाय की?"

मी बघितलं. बेळगाव नव्हतं. शाळेच्या नव्या नकाशात ते दुसऱ्या राज्यात गेलं होतं आणि माझा खडू इमानदारीने त्या रेघेवरून फिरला होता. भूगोलाच्या मास्तराने स्वतःची सासुरवाडी महाराष्ट्राबाहेर ठेवली होती, आणि तीही संयुक्त महाराष्ट्राच्या सभेसाठी. गल्ली हसली आणि हसत हसत जेवायला पांगली. अक्का हसली नाही, ही तर आत निघून गेली. साडूंनी शांतपणे एक लोखंडी पट्टी घेतली, तिचा तळहाताएवढा तुकडा बेळगावच्या आकाराचा कापून घासला आणि रॉड धरायचा होल्डर माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुमचं राहिलंय मास्तर, तुम्हीच जोडा." मी नको नको म्हणत असताना त्यांनी काच माझ्या तोंडापुढे धरली. रॉड टेकवायचा आणि जरा उचलायचा, एवढंच सांगितलं. मी टेकवला तो चिकटला. ओढून काढला, पुन्हा टेकवला. भीतीने काचेमागे मी डोळे गच्च मिटले होते, त्यामुळे किती ओतलं हे मला कळलंच नाही. साडू थांबा म्हणाले तेव्हा सांध्याच्या जागी लोखंडाचा एक भलामोठा ओबडधोबड गोळा तयार झाला होता. त्यांचे सांधे बोट फिरवलं तरी लागत नव्हते. माझा लांबून दिसत होता. सभेला नकाशा गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणीतरी ओरडून विचारलं की हा कुणी केला. चाळकऱ्यांनी साडूंना खांद्यावर घेतलं. मी हातगाडी धरून उभा होतो.

पुढे राज्य झालं. मुंबई मिळाली, आणि ती बातमी आली तेव्हा आमच्या चाळीत ओळखपाळख न बघता माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बेळगाव मिळालं नाही. आमच्या दोन खोल्यांत त्यामुळे आनंद जरा अडखळत आला. एक मेच्या दिवशी गल्लीच्या तोंडावर कमान घालून तिच्यावर दिव्यांच्या माळा लावून तो नकाशा चढवायचा असं कमिटीने ठरवलं, आणि अध्यक्ष तात्यांनी मला बाजूला घेतलं. तात्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, मालवणकडचे, मनाने साधे, पण नियमाचे पक्के. म्हणाले, "मास्तर, ता बेळगाव सरकारी नकाशात नाय. कोणी मोठो माणूस इलो आणि विचारल्यान तर? ता काढूक व्हया. तुमी साडवांक सांगा." सांगायला मला पाठवलं हे मला आवडलं नाही असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांत प्रथमच मी त्यांना काहीतरी सांगणार होतो आणि त्यांना ते ऐकावं लागणार होतं. त्यातून त्याच दिवशी सासरेही बेळगावहून येणार होते, आणि जावईबापूंनी बनवलेला नकाशा बघून त्यांचं कौतुक परत एकदा सुरू होणार होतं. तो तुकडा नसता तर त्यांच्या डोळ्यांपुढे निदान माझी फजिती तरी लोंबली नसती.

साडूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, हे मशीन मी जोडायला आणलंय. तोडायला नाही. आणि तो सांधा माझा नाही, तुमचा आहे. तुम्हाला तोडायचा तर तोडा." एवढं बोलून ते वायर गुंडाळायला लागले. मी हातोडा उचलला आणि परत ठेवला. वर गॅलरीत ही उभी होती. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी थांबलेले तात्याच पुढे आले. त्यांनी हातोडा मारला, छिन्नी लावली, करवत चालवली. गोळा जागचा हलला नाही. करवतीचं पातं तिथेच मोडलं. तात्या घाम पुसत म्हणाले, "काय हात आसा साडवांचो." जमलेले सगळे तेच म्हणाले. साडूंचा हात, साडूंचा सांधा, साडूंची कमाल. मी तिथेच उभा होतो. आयुष्यात एकच गोष्ट मी अशी केली होती की जी कुणाला मोडता आली नाही, आणि तिचं श्रेयही वरच्या माळ्यावर निघालं होतं. माझा जीव तिळतिळ तुटत होता. पण काढायला आलेल्या माणसाने ते बसवलंय मीच असं कुठल्या तोंडाने सांगायचं? साडू काही बोलले नाहीत. मला वाटलं, घेतायत कौतुक. वेळ राहिला नव्हता, म्हणून तात्यांनी मार्ग काढला. बेळगावच्या तुकड्यावर झेंडूची एक जाड माळ टाकली, म्हणजे नकाशा सरकारी झाला.

कमानीवर चढवायच्या आधी नकाशा चक्कीच्या भिंतीला टेकवून ठेवला होता, तेव्हा सासरे आले. मोतीबिंदूने त्यांना तेव्हा नीट दिसत नसे. अक्काने हात धरून त्यांना नकाशापुढे आणलं. कोट, उपरणं, हातात काठी. सगळी चाळ गोळा झाली, कारण बेळगावचा माणूस आज मुंबईत महाराष्ट्र बघायला आलाय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याच्याशी काय बोलायचं हे कुणालाच कळत नव्हतं. त्यांनी वरून बोट फिरवायला सुरुवात केली. विदर्भ झाला, मराठवाडा झाला, समुद्रकाठाने ते खाली उतरत आले. कोल्हापूरच्या पुढे त्यांचं बोट थांबलं. मग ते हळूच झेंडूच्या फुलांखाली शिरलं आणि त्या गोळ्याला लागलं.

"फुलांखाली काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. साडू म्हणाले, "बेळगाव, अण्णा."

त्यांची बोटं त्या ओबडधोबड लोखंडावरून फिरत राहिली. मग विचारलं, "कुणी जोडलंय?"

गल्लीतले सगळे साडूंकडे बघत होते. तात्या त्यांचं नाव घेण्यासाठी तोंड उघडतच होते. साडू चक्कीवाल्याच्या फडक्याला हात पुसत, नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाले, "धाकट्या जावयांनी. आम्ही काढायला गेलो, निघालं नाही."

सासऱ्यांनी माझ्या दिशेने हात पुढे केला. मी तो धरला. ते म्हणाले, "चांगलंच बसलंय की, जावईबापू." आणि दुसऱ्या हाताने त्यांनी झेंडूची माळ उचलून काठीला अडकवली. तात्यांनी ती परत घालायला सांगितलं नाही. नकाशा तसाच कमानीवर चढला, बेळगावसकट, आणि त्या दिवशी त्याला कुणी काही विचारलं नाही. कोपऱ्यात अक्का आणि ही एकमेकींना धरून रडत होत्या. ज्या शब्दाची मी लग्नाच्या मांडवापासून वाट बघत होतो तो मला मिळाला होता, आणि मी आनंदात असायला हवा होतो. होतोही. पण मान वळवून बघितलं तर साडू वायर गुंडाळत होते, जणू घडलं ते दुसऱ्याच कुठल्या गल्लीत, आणि मला त्या क्षणीही त्यांचा भयंकर हेवा वाटला. हातात आलेलं कौतुक असं दुसऱ्याला देऊन टाकता येणं मला सात जन्मांत जमलं नसतं. तो शब्द माझा झाला तोही त्यांनी दिला म्हणून.

याला आता बरीच वर्षं झाली. साडू नोकरी संपवून अक्कासह गावी गेले, मशीन शेठच्या चक्कीत सोडून. तिथेच, आंबे उतरवायच्या दिवसांत, ते गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. चक्की बंद झाली तेव्हा कमानीवरून उतरवून तिच्या भिंतीला टेकवलेला नकाशा भंगारवाल्याने नेला. त्याने गाडीत मावावा म्हणून तो ठिकठिकाणी तोडला असं ऐकलं. बेळगावचा तुकडा निघाला की नाही ते मी विचारलं नाही. आमचं उलथनं अक्काने इतकी वर्षं वापरलं होतं की ते परत करायची तिला लाज वाटली. ते तिने ठेवून घेतलं आणि जाताना साडूंनी जोडलेलं आम्हाला दिलं. त्याचा सांधा कुठे आहे हे मी कितीदा तरी बोट फिरवून शोधलं, मला सापडत नाही. ही थालीपीठ उलटताना अजून कधीतरी म्हणते, "काय हात होता नाही भावोजींचा." पूर्वी हे ऐकलं की मी वर्तमानपत्र जोरात उघडायचो. आता वर तिसऱ्या माळ्यावर दुसरं कुणी राहतं, पावलं ओळखीची नाहीत. ज्याचा हेवा करत उभा जन्म काढला तो माणूस नाही, आणि हेवा मात्र जसाच्या तसा शिल्लक आहे. मी ताट पुढे करतो, आणि म्हणतो, होता.